रोहितांना व्यायाम हवा

मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा, सालिम अलींचा १२ नोव्हेंबरचा. या दोन तारखांच्या दरम्यान राज्य सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह बसवला, हे उत्तम झाले. उरलेले आठवडे पक्ष्यांकडे दुर्लक्ष करायला मोकळे राहिले.

पक्षीनिरीक्षणाच्या सहलींचे कार्य तर त्याहून थोर. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पहाटे नावा निघतात. रोहित उथळ पाण्यात चोची बुडवून शेवाळ गाळत असतात. उभ्या रोहिताचा फोटो सगळ्यांकडेच असतो, म्हणून नाव आणखी जवळ न्यायची आणि टाळी वाजवायची. थवा उडतो, पंखांतला गुलाबी रंग कॅमेऱ्यात येतो, शिवाय पक्ष्यांना व्यायाम घडतो. एरवी दिवसभर खातच बसतात.

पावसाळ्यात नवरंग झुडपाबाहेर येत नसेल, तर मोबाइलवर त्याचीच शीळ लावावी. हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो घरटे सोडून धावत येतो. सोसायटीच्या सभेला इतक्या तत्परतेने कोणी येत नाही.

आता पक्ष्यांना वेळापत्रकच द्यावे. सव्वासातला थवा, साडेआठला मिसळ, नऊला खंड्याचे मासेमारीचे प्रात्यक्षिक. ज्यांचा फोटो हलला त्यांच्यासाठी पुन्हा एकदा. पक्ष्यांचे मत विचारण्याचा प्रश्न येत नाही, कारण ते वर्गणी भरत नाहीत.

पुढच्या सहलीची नावनोंदणी सुरू आहे. नावेत पुढची जागा हवी असणाऱ्यांनी त्वरित कळवावे. पक्ष्यांनी आपली जागा सोडलीच आहे.