तळाला भोक हवं

तुमच्या सोसायटीतही असे एक नाना असणारच. आमच्या नानांनी परवा एका साखरपुड्यात व्याह्यांकडून आलेला मिठाईचा डबा हातात घेतला, काजूकतली रुमालावर ओतली, डबा उलटा केला, चष्मा कपाळावर चढवून तळाचा त्रिकोण वाचला आणि भर मांडवात जाहीर केलं, "पाच नंबर. पॉलिप्रॉपिलीन. उत्तम. फक्त तळाला भोक हवं." व्याही चपापले. आपल्या मिठाईत काय खोट निघाली, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

नाना घरात मायक्रोग्रीन्स पिकवतात. मोहरी, मेथी, मुळा, राजगिरा दाट पेरायचा आणि मोडांच्या पुढे, पण भाजीच्या बऱ्याच अलीकडे, आठ-पंधरा दिवसांत कात्रीने कापून खायचा. 2012 साली अमेरिकेतल्या मेरिलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा पंचवीस जाती तपासल्या. वाढलेल्या पानांच्या तुलनेत जीवनसत्त्वं वगैरे चार ते चाळीस पट निघाली. नानांनी त्यातले चार सोडले आणि चाळीस ठेवले. हे माप वजनावर असतं आणि नानांच्या अख्ख्या पिकाने स्वयंपाकघरातल्या काट्याचा काटा हलत नाही, ही काकूंची पुरवणी.

पण खाणं हा नानांचा विषयच नव्हे. विषय डबा. जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार: भोक असलेल्या आणि भोक पाडायच्या. खिशात पेन असावं तसं दाभण असतं. ते गॅसवर लाल करून डब्याच्या तळाला टेकवतात. जिन्यात जळक्या प्लास्टिकचा वास आला की वॉचमन हल्ली अग्निशमन दलाला नाही, काकूंना फोन करतो. आणि हा गृहस्थ निवृत्त झाला तो पाटबंधारे खात्यातून! कालव्यांची गळती थांबवण्यात ज्याची हयात गेली, तो आता भोकं पाडत हिंडतो.

पाडवा आणि दसरा म्हणजे नानांची सुगी. दुपारी जेवायला बसावं तर बेल वाजते. "श्रीखंड संपलं का रे?"

"नाना, आत्ता तर पहिलं वाढलंय."

"सावकाश खा. घाई नाही." आणि समोरच्या खुर्चीत बसून ते डब्याकडे बघत राहतात. या नजरेखाली श्रीखंड सावकाश खाऊन दाखवावं कुणीतरी.

त्यातही कुठलाही डबा चालत नाही. खोली बोटाची दोन पेरं. त्याहून खोल डब्यात रोपं कोंडतात, वारा लागत नाही, बुरशी धरते आणि कापताना कात्री आत जात नाही. पारदर्शक नको, मुळांना उजेड लागून शेवाळ येतं. हॉटेलातून जेवण येतं ते काळे चपटे डबे सर्वोत्तम. काकूंना स्वयंपाकाचा कंटाळा आला की त्या एवढंच म्हणतात, "अहो, काळे डबे संपत आलेत." नाना तत्काळ फोन काढतात. (2018 च्या बंदीआधीच्या थर्माकोलच्या पत्रावळी त्यांच्या माळ्यावर आहेत, अशी वदंता आहे. मी पाहिलेल्या नाहीत.)

शेजारच्यांचा डबा रिकामा परत करू नये, हा रिवाज नाना पाळतात, हेच आमचं दुर्दैव. आमच्याकडून भाजणी घेऊन गेलेला डबा मेथीच्या लुसलुशीत रोपांनी भरून परत आला. बायको हरखली. मेथी कापली, डबा घासला आणि दुसऱ्या दिवशी त्यातून मला आमटी दिली. ऑफिसला पोचेपर्यंत पिशवीतल्या सगळ्या कागदांना हळद लागली होती. तक्रार करायला गेलो तर नाना खुलले. "निचरा झाला ना पूर्ण? बघ, पाच भोकं पुरतात!"

त्यांची एकदाच बोलती बंद झाली, ती नवरात्रात. काकूंनी पत्रावळीवर काळी माती पसरली, धान्य पेरलं, मधोमध मातीचा घट ठेवून पाण्याने भरला. नानांनी घट निरखला. काकूंनी विचारलं, "याला भोक कुठाय हो?" नऊ दिवस वरून फारसं पाणी न घालता घट पाझरत राहिला, दसऱ्यापर्यंत धान्य वीतभर आलं. आपल्या घराघरांत हे पीक किती पिढ्या निघतंय, कुणास ठाऊक. नाना दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "मातीच्या मडक्याला हजारो भोकं असतात. दिसत नाहीत इतकंच."

परवा संध्याकाळी मी त्यांच्या गॅलरीत उभा होतो. भोकाचा डबा बिनभोकाच्या डब्यात बसवून ते खालच्या डब्यात पाणी ओतत होते. कोकोपीट खालून पाणी ओढतं, उरलेलं ओतून टाकायचं, म्हणजे वाफसा राहतो आणि पानं कोरडी. याला ते 'आवर्तन सोडणं' म्हणतात. ओतता ओतता म्हणाले, "तीस वर्षं कालव्याला आवर्तनं सोडली रे. हेडचे लोक मोटारी लावून उपसायचे. टेलच्या माणसापर्यंत पाणी जायच्या आत आवर्तन संपायचं. अर्ज घेऊन यायचे बिचारे. मी चहा पाजायचो. दुसरं काय पाजणार?" मग बोटाने डब्याचा पार कोपरा दाबून पाहिला. "ओल आहे इथे. ही टेलची मोहरी."

मी काहीतरी बरं बोलणार, तेवढ्यात माझ्या हातातलं नवं हेल्मेट त्यांनी घेतलं, उलटं केलं आणि आत वाकून बघितलं. "अरे, याला तर भोकं आहेतच की!"

मी ते हिसकावून घेतलं. पण एक सांगितलं पाहिजे. पीक निघालं की नानांची वाटी आधी चौथ्या मजल्यावरच्या पार कोपऱ्यातल्या घरी जाते आणि मग एकेक मजला खाली उतरते. नानांच्या स्वतःच्या शेजाऱ्याला बरेचदा काहीच उरत नाही. त्याने सोसायटीकडे लेखी तक्रार केली आहे. तेव्हा तुमच्याकडच्या नानांना डबे द्या. काळे, चपटे, धुऊन पुसून द्या. फक्त स्टीलचं काही देऊ नका. हल्ली त्यांनी ड्रिल मशीन घेतलंय.