नारळ कुणाला?

शिकागो,
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

ती. आबांस,


मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून हे टपालाने. आज दिव्यांची आवस. कणकेचे दिवे उकडले, तूप घातलं, हाका मारल्या. पण तुमचे जावई आणि नातू टीव्हीपुढून उठेनात. आमच्या गावचा बेसबॉल संघ, व्हाइट सॉक्स, सलग विसावी मॅच हरत होता. १३-७.

इथे हंगामात १६२ मॅच असतात. जवळजवळ रोज एक. रोज दाढी करावी तसे आमचे लोक रोज हरतात. कसब्यात मानाचा पहिला गणपती ठरलेला, तसा इथे मानाचा शेवटचा.

आता घरात दोन तट पडलेत. जावई म्हणतात, मॅनेजरला नारळ द्या. नातू म्हणतो, राहू दे बिचाऱ्याला. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मॅनेजर ना? मग चंद्रपूरला बदली करा." आबा, हा बँकेतला मॅनेजर नव्हे. पेद्रो ग्रिफोल नावाचा हा चोपन्न वर्षांचा गृहस्थ खेळाडूंसारखाच गणवेश घालून, कमरेला पट्टा आवळून बसतो. खेळत मात्र नाही. कुणाला आधी पाठवायचं, गोलंदाज कधी बदलायचा, एवढं ठरवतो आणि अंपायरशी भांडतो. आपल्या ढोलपथकात फेटा बांधून पुढे मिरवणारे, पण ढोल कधी न उचलणारे काका असतात ना, तसं समजा.

नातवाचा मुद्दा असा की २०१९ मध्ये वॉशिंग्टनवाले १९ जिंकून ३१ हरले होते. मॅनेजरला हाकला म्हणून गावभर ओरड. मालकांनी ठेवला, आणि त्याच वर्षी ते अजिंक्य ठरले. जावयांचं उत्तर तयार! २००३ मध्ये फ्लोरिडाने १६-२२ वर मॅनेजर बदलला, ७२ वर्षांचे जॅक मकीऑन आणले, आणि तेही अजिंक्य.

मी म्हटलं, म्हाताऱ्याचं कौतुक मला सांगू नका. २००७ साली विश्वचषकातून आपला संघ गाशा गुंडाळून आला, प्रशिक्षक चॅपेलसाहेब गेले, तेव्हा इंग्लंडला मॅनेजर म्हणून कोण गेलं? आपले चंदू बोर्डे. त्यांचा त्र्याहत्तरावा वाढदिवस लॉर्ड्सच्या कसोटीतच आला, आणि एकवीस वर्षांनी आपण इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. तुम्ही पेढे वाटले होते, माझ्या लक्षात आहे.

पण बाल्टिमोरचं काय? १९८८ मध्ये त्यांनी सहा मॅच हरताच मॅनेजर काढला. नवा आला, तो आणखी पंधरा हरला. एकवीस! कुंभारवाड्यात आपण लहानपणापासून बघतोय, माती कच्ची असेल तर चाकाशी कुणीही बसो. आणि इथल्या लोकांनी तर चांगला गोलंदाज, डिलन सीस, मार्चमध्येच सॅन दिएगोला देऊन टाकला. तांबट आळीतून घेतलेला बंब मोडीत घालायचा आणि अंघोळीला पाणी गार म्हणून गड्याला काढायचं, त्यातला प्रकार. आपल्या गल्लीतलं मंडळही देखावा फसला की अध्यक्ष बदलतं. मांडववाला तोच.

दिवे गार झाले. उरलेलं नंतर लिहिते.

शुक्रवार, ९ ऑगस्ट, नागपंचमी

पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. पहिल्या श्रावणी सोमवारी एकविसावी हार, म्हणजे बाल्टिमोरची बरोबरी. मंगळवारी रात्री ओकलंडला चक्क जिंकले, ५-१! मी म्हटलं, मंगळागौर पावली. बुधवारी पुन्हा हरले. काल सकाळी ग्रिफोलला नारळ मिळाला, बरोबर तीन सहायकांनाही. हिशेब: २८ जिंकल्या, ८९ हरल्या. जागेवर ग्रेडी सायझमोर, वय ४२; मॅनेजरकी आधी कधी केलेली नाही.

जावयांनी आनंदाने पुरणाची दिंडं चार खाल्ली. नातू फुगून बसला आहे. मला विचाराल तर उरलेल्या पंचेचाळीस ग्रिफोललाच हरू द्यायच्या होत्या. हरायची सवय झालेला माणूस हाताशी असताना नव्या पोराचं नाव आत्ताच कशाला खराब करायचं? नवा माणूस आणायचा तो पुढच्या वर्षी, चार खेळाडू विकत घेतल्यावर.

आईचे गुडघे कसे आहेत? तिने जिना उतरू नये. नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला असेल, कानात कापूस घाला. गणपती ७ सप्टेंबरला. कसबा गणपतीला जाल तेव्हा जावयांच्या नावाने एक नारळ फोडा. संघासाठी फोडताय हे गुरुजींना सांगू नका, हसतील.

तुमची,
थोरली

ता. क. सायझमोरची पहिली मॅच आत्ताच संपली, गावातल्याच कब्ज संघाविरुद्ध. ७-६. हरले. नारळ दोन फोडा.