आमच्यात चालतं

दशमीच्या रात्री मावळातल्या नवलाख उंबरे गावच्या स्वयंपाकघरांत साबुदाणा भिजत पडतो. पाणी दाण्याच्या जेमतेम वर. जास्त झालं तर सकाळी खिचडीचा गोळा, कमी झालं तर दाणा दाताखाली टचटच. पहाटे सूनबाई एक दाणा अंगठ्याने चिरडून बघते, मग कढईत तूप, जिरं, हिरवी मिरची, उकडलेला बटाटा आणि हात सैल सोडून दाण्याचं कूट. एकादशीचा कडक उपास सुरू होतो.

मावळ हा माळकऱ्यांचा मुलूख. देहू आणि भंडारा डोंगर इथून जवळच. एकादशीला जेवणाऱ्यांबद्दल तुकोबांनी जे शब्द वापरलेत ते छापायला आज कुठलाही संपादक दहादा विचार करील. ते अभंग या पंचक्रोशीत पुष्कळांना पाठ आहेत. पण तुकोबा बोलले अन्नाबद्दल. खिचडी हे अन्न नव्हे, तो फराळ. हा भेद तुकोबांना कुणी समजावून सांगितला नाही, एवढंच.

शास्त्राने फट ठेवली होती हेही खरं. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींची यादी महाभारतात आहे: पाणी, मुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. यादी करणाऱ्याने अशक्त, आजारी माणसाची सोय बघितली असावी. मराठी माणसाने तिच्यातला ‘मुळं’ हा एक शब्द धरला आणि त्या भोकातून अख्खं जहाज आत घेतलं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा, झालंच तर राजगिरा, सगळे अमेरिका खंडातले. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. माउली एकादशीला काय खात असतील ते असो, पण बटाटा नक्कीच नाही. त्या कंदाचं नावसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून घेतलं.

शेंगदाण्याची तर कमालच. तूर, मूग, हरभरा निषिद्ध, कारण ती कडधान्यं. भुईमूगही त्यांच्याच कुळातला, पण शेंगा जमिनीखाली धरतो म्हणून सुटला. पुढे लोणावळ्याला जाऊन तो गुळाच्या पाकात पडला की चिक्की होते आणि चिक्कीला तर कुठल्याच तिथीची अडचण नाही.

आता भगर. तिला सगळा महाराष्ट्र ‘वरीचे तांदूळ’ म्हणतो. नावातच तांदूळ, झाडाला कणीस, मळणी करावी लागते. तरी ते धान्य नाही. आणि ज्याला धान्य म्हणून बाहेर उभं केलंय तो कोण? इंद्रायणी. हे भाताचं वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलं. तुकोबांच्या गाथा जिच्यात बुडवल्या गेल्या त्या नदीचं नाव त्याला मिळालं. शिजताना वास शेजारच्या वाड्यापर्यंत जातो. पण एकादशीला हा घरचा भात कणगीत आणि सेलमच्या कारखान्यातून आलेला साबुदाणा ताटात. हळद देवाला चालते, उपासाला नाही. उंबराचं फळ हे तर फळच, ज्याची सावली गावाच्या नावावर पडली आहे. पण ते ताटात आलेलं कुणी पाहिलं नाही. त्यात किडे असतात म्हणे.

या सगळ्या व्यवहाराचा धर्मग्रंथ दोन शब्दांचा: ‘आमच्यात चालतं.’ पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ लिहून तिथी-व्रतांचे निर्णय एकत्र केले. त्यांना एवढा ग्रंथ लागला. इथे दोन शब्दांत भागतं. आमच्यात भेंडी चालते, तुमच्यात नाही. आमच्यात कोथिंबीर नाही, तुमच्यात जिरं नाही. चहाबद्दल मात्र महाराष्ट्रात एकमत आहे.

याबाबतीत मराठी माणूस जगात एकटा नाही. व्हेनेझुएलातले कॅथलिक लेंटच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य करतात आणि कॅपिबारा नावाचा डुकराएवढा उंदीरवर्गीय प्राणी खातात, कारण पाण्यात वावरतो म्हणून तो मासा. सतराव्या शतकात रोममध्ये एका कार्डिनलने चॉकलेट पिण्याने उपास मोडत नाही असा निर्वाळा दिला, कारण ते पातळ असतं. आमच्याकडे कार्डिनल नाही. हॉटेलवाला आहे. त्याने ‘उपासाची मिसळ’ काढली: खाली खिचडी, वर दाण्याची आमटी, त्यावर बटाट्याचा चिवडा, बाजूला दही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण जुनी. तेव्हा ती टोमणा होती, आता मेनूकार्ड आहे.

तळेगावची औद्योगिक वसाहत उंबऱ्याच्या शिवाराला येऊन भिडली, तसा उपासही पाळीत बसवावा लागला. डब्यात खिचडी, मधल्या सुट्टीत वेफर्स, संध्याकाळी राजगिऱ्याची वडी.

घरात एकच बाई अशी असते जी दिवसभर खरोखर पाण्यावर राहते. ती सत्तरीची आजी. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलाय, तरी ती औषधाची गोळीसुद्धा बारस सोडल्यावर घेते. शास्त्राने औषधाला दिलेली सूट तिला मान्य नाही. सगळ्यांची खिचडी मात्र तिच्या देखरेखीखाली होते.

“आत्या, कोथिंबीर टाकू का वरून?” सून विचारते.

“टाक की. माझ्या माहेरात चालत नव्हती.”