आधी वही उघडा, मग पेन्शनवर बोला

4.5 टक्के. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराने दिवाळखोरीनंतर आपल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मासिक पेन्शनला लावलेली कात्री कागदावर एवढीच आहे. शहर आणि कर्मचारी संघटना समंजसपणे एका टेबलावर बसल्या की काय साधतं, याचा दाखला म्हणून हा आकडा पुढे केला जातो. मला तो दाखला मान्य नाही.

कारण त्या 4.5 टक्क्यांसोबत दरवर्षीची महागाईवाढही बंद झाली. 2014 ते 2024 या काळात अमेरिकेतल्या किमती साधारण 32 टक्क्यांनी चढल्या. 2014 साली ज्याला शंभर डॉलर मिळत होते, त्याच्या हातात साडेपंचाण्णव उरले आणि दहा वर्षांनी त्यांची किंमत जुन्या बहात्तर डॉलरांएवढी झाली. म्हणजे खरी कपात अठ्ठावीस टक्क्यांची. त्यात आजारपण धरा. निवृत्तांच्या आरोग्यविम्यापोटी शहर सुमारे 430 कोटी डॉलर देणं लागत होतं. त्यातलं जवळपास 90 टक्के पुसलं गेलं. पोलीस आणि अग्निशमन दलाची मूळ पेन्शन वाचली, पण महागाईवाढ निम्म्याहून कमी झाली. या लोकांना अमेरिकेची सरकारी सामाजिक सुरक्षा योजनाही लागू नाही. पेन्शन गेली की त्यांच्यामागे दुसरं काहीच नाही.

हे कसं घडलं, ते तारखांतून वाचावं. नोव्हेंबर 2012 मध्ये मिशिगनच्या, म्हणजे डेट्रॉईटच्या राज्यातल्या, मतदारांनी शहरांवर आणीबाणीचा प्रशासक लादणारा कायदा सार्वमतात फेटाळला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जवळपास तसाच कायदा पुन्हा केला आणि या वेळी त्याला पैशांची तरतूद जोडली, म्हणजे त्यावर सार्वमत घेता येणार नाही. मार्च 2013 मध्ये राज्यपाल रिक स्नायडर यांनी केविन ऑर यांना डेट्रॉईटवर नेमलं. प्रशासक म्हणजे काय हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगायला नको. 2022 मध्ये महापालिकांची मुदत संपली आणि आपणही वर्षानुवर्षं निवडून न आलेल्या माणसाने मांडलेलं अंदाजपत्रक वाचत राहिलो.

14 जून 2013 ला ऑर यांनी घेणेकऱ्यांसमोर प्रस्ताव ठेवला. 18 जुलैला शहराने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. मधे जेमतेम पाच आठवडे. चाळीसहून अधिक संघटना, वीस हजारांवर निवृत्त माणसं, डोक्यावर सुमारे 1,800 कोटी डॉलरचं देणं, आणि एवढ्या वेळात झाल्या त्या माहिती देण्याच्या बैठका. पुढे दिवाळखोरी न्यायालयाचे न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनीच निकालात म्हटलं की शहराने प्रामाणिक वाटाघाटी केल्या नाहीत. आणि त्याच निकालात त्यांनी अर्ज मंजूरही केला, कारण इतक्या घेणेकऱ्यांशी वाटाघाटी करणं व्यवहार्यच नव्हतं. मिशिगनची राज्यघटना सांगते की कमावलेली पेन्शन हा करार आहे आणि तो कमी करता येणार नाही. ऱ्होड्स म्हणाले, संघराज्याचा दिवाळखोरी कायदा त्याच्या वर आहे. तीस-तीस वर्षं बस चालवलेल्या, गटारं साफ केलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं की घटनेतलं कलमही आपल्याला वाचवणार नाही.

आता तुटीचं बघू. शहराच्या आधीच्या हिशेबात पेन्शन निधीतली तूट सुमारे 64 कोटी डॉलर होती. ऑर यांच्या चमूने तीच 350 कोटी सांगितली. माणसं तीच, पेन्शनही तीच. बदलली ती मुख्यतः गृहीतकं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे निधी गुंतवून दरवर्षी किती टक्के मिळतील हे. सुमारे 8 टक्के धरा, तूट आकसते. 7 च्या आसपास या, तूट फुगते. जुना दर जास्त आशावादी होता, हे मीही म्हणेन. पण हा दर कोण ठरवतं आणि कोणासमोर ठरवतं, हाच वाटाघाटीचा पहिला विषय असायला हवा होता. डेट्रॉईटमध्ये तो आधी ठरला आणि संघटनांना नंतर कळवला गेला.

आणि खड्डा कोणी खणला? 2005 मध्ये महापौर क्वामे किलपॅट्रिक यांच्या काळात शहराने पेन्शन निधी भरण्यासाठी 144 कोटी डॉलर कर्जाऊ उभे केले आणि त्यावर बँकांशी व्याजदराचे करार केले. 2008 मध्ये व्याजदर कोसळले, करार शहरावर उलटले, आणि बँकांना हमी म्हणून कॅसिनो कराचं उत्पन्न बांधून द्यावं लागलं. कर्मचाऱ्यांच्या नावाने काढलेल्या कर्जाने शहर आणखी खोलात गेलं. दिवाळखोरीत त्याच बँकांसोबत ऑर यांनी आधी 23 कोटींच्या आसपास, मग 16.5 कोटी डॉलरचा सौदा आणला. ऱ्होड्स यांनी तो नाकारला. शेवटी 8.5 कोटींवर मिटलं. न्यायाधीश ठाम राहिले म्हणून निम्मे पैसे वाचले. या सगळ्या प्रकरणात वकील आणि सल्लागारांची बिलं झाली 17 कोटी डॉलरहून अधिक.

संघटनांची बाजू घेतो म्हणून त्यांच्या चुका झाकणार नाही. संघटनांचे प्रतिनिधी ज्या पेन्शन मंडळांवर बसत, त्यांनी चांगल्या वर्षांत निधीतला वरकड पैसा 'तेरावा चेक' म्हणून वाटून टाकला. वाईट वर्षांसाठी तो राखायला हवा होता. कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक बचत खात्यांवर, बाजार पडलेला असतानाही, 7.9 टक्क्यांपर्यंत व्याज जमा होत राहिलं. हा निधीवरचा अन्याय होता आणि तो करणारे आपलेच होते. पण त्याची वसुली झाली ती निवृत्त झालेल्या माणसाकडून, मासिक पेन्शनमधून, 6.75 टक्के व्याजाने. मंडळावर बसून सह्या करणाऱ्यांकडून नाही.

या गोष्टीत एक माणूस मला मनापासून आवडतो: मध्यस्थ म्हणून नेमलेले न्यायाधीश जेराल्ड रोझेन. घेणेकऱ्यांची नजर शहराच्या कलासंग्रहालयावर होती. तिथे ब्रूगेलचं 'द वेडिंग डान्स' आहे. शहराच्या पैशांतून घेतलेल्या कलाकृतींची किंमत क्रिस्टीज या लिलावसंस्थेने 45 ते 87 कोटी डॉलरच्या दरम्यान लावली होती. रोझेन यांनी प्रश्न फिरवला: चित्रं आणि पेन्शन दोन्ही वाचावीत असं कोणाकोणाला वाटतं? त्यांनी धर्मादाय प्रतिष्ठानांच्या दारात जाऊन 36.6 कोटी डॉलर मिळवले. राज्याने 19.5 कोटी दिले, संग्रहालयाने 10 कोटी उभे करायचं कबूल केलं. टेबलावर आधी नसलेला पैसा आला, म्हणून सुरुवातीला 26 टक्के सांगितलेली कपात 4.5 वर आली.

तरीही अट विसरू नका. 2014 च्या उन्हाळ्यात निवृत्तांच्या हाती मतपत्रिका आली. 'हो' म्हणालात तर 4.5 टक्के आणि घटनेच्या कलमावर पुन्हा कोर्टात जायचं नाही. 'नाही' म्हणालात तर 27 टक्के, आणि बाहेरचा पैसाही गेला. 73 टक्क्यांनी 'हो' म्हटलं. पोलीस-अग्निशमनवाल्यांत 82 टक्क्यांनी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अशी मतपत्रिका देऊन मिळवलेल्या होकाराला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडे 14 मार्च 2023 ला लाखो सरकारी-निमसरकारी कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले आणि 20 तारखेला संप मागे घेतला गेला. मागणी 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांसाठी होती. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात जुन्या योजनेचा बोजा 1 लाख 10 हजार कोटी सांगितला होता आणि राज्य दिवाळखोरीत जाईल असा इशारा दिला होता. एका बाजूला भलामोठा आकडा, दुसऱ्या बाजूला चार शब्दांची घोषणा, मधे समिती. तो आकडा किती वर्षांचा, कोणत्या पगारवाढीवर, कोणत्या व्याजदरावर बेतलेला, हे संपावर बसलेल्या नर्सला किंवा शिक्षकाला कोणी सांगितलं? आणि संघटनांनी तरी ते मागितलं का?

डेट्रॉईटच्या पेन्शनरांना शहराची वही पहिल्यांदा नीट दिसली ती कोर्टात, सगळं हातातून गेल्यावर. आपल्या महापालिका अजून कोर्टात नाहीत. तेव्हा हे आत्ताच व्हायला हवं: प्रत्येक महापालिकेने पुढच्या अर्थसंकल्पासोबत पेन्शनच्या देण्याचा पूर्ण हिशेब छापावा, गृहीत धरलेल्या दरासकट आणि न भरलेल्या हप्त्यांसकट. तो तपासायला संघटनांना त्यांच्या पसंतीचा तज्ज्ञ द्यावा, खर्च महापालिकेचा. आणि चर्चेच्या टेबलावर एक खुर्ची निवृत्तांसाठी ठेवावी, कारण त्यांच्या हातात आता संपही उरलेला नाही.