बंदोबस्तकाका

सहकारी गृहरचना संस्थेला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार असतात, तसा हल्ली एक बंदोबस्तकाकाही असतो. तो निवडून येत नाही, त्याला मानधन नसतं आणि वार्षिक सभेच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख 'एका सभासदाने आक्षेप घेतला' एवढाच येतो. पण मोबाईलमध्ये नको ते आपोआप सुरू झालं, की सगळी इमारत त्याच्याच दाराशी येते.

काका ओळखायला सोपे. शर्टाच्या खिशात पेन, पेनामागे चतकोर वही आणि कानामागे पेन्सिल. वहीत रस्ते लिहिलेले असतात: 'तीन ठिपके, सेटिंग्ज, खाली जा, अजून खाली जा, डेटा, स्मार्ट, बंद.' हे सगळं पेन्सिलीनं, कारण कंपन्या दर अपडेटला रस्ता बदलतात आणि जुना खोडावा लागतो. मग पेन कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "तक्रारीखाली सही पेन्सिलीनं करतात का?"

हे काका बहुधा अशा खात्यातून निवृत्त झालेले असतात, जिथं त्यांच्या हाताखाली एखादं बटण होतं. कुणी टेलिफोन एक्स्चेंजमधले, कुणी जलशुद्धीकरण केंद्रातले. आमचे वीज मंडळातले. मंडळाच्या २००५ साली कंपन्या झाल्या, पण काका अजूनही 'मी बोर्डात होतो' असंच सांगतात. सबस्टेशनवर ऑपरेटर. भारनियमनाच्या दिवसांत त्यांनी तालुकेच्या तालुके अंधारात घातले, पण वेळापत्रकाबरहुकूम आणि लॉगबुकात नोंद करून. त्याचा त्यांना आजही अभिमान आहे. "आम्ही बंद करायचो ते पेपरात आधी छापून," ते म्हणतात. "आणि हे लोक चालू करतात, ते आपण झोपेत असताना."

नको म्हणण्याचं वळण त्यांना आधीपासूनचंच. लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला तीन पानं लांब असतानाच काकांचे दोन्ही पंजे पानावर आडवे व्हायचे. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनपासून सुटका करणारा १९०९ हा क्रमांक इमारतीत प्रथम त्यांनी फिरवला आणि मग घरोघरी जाऊन सगळ्यांना फिरवायला लावला. ऑफिसात कॉम्प्युटर आला तोही त्यांना नडला. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी एक कागदाची क्लिप होती. काका थकबाकीदाराला वीज तोडण्याची नोटीस लिहायला बसले, की ती भुवया उडवत मदतीला यायची. २००१ च्या आवृत्तीत कंपनीनं ती आपणहून बंद ठेवली आणि २००७ च्या आवृत्तीत काढूनच टाकली. काका या घटनेला चळवळीचं यश म्हणतात. चळवळीत दुसरं कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

नंतरची काही वर्षं बरी गेली. मग जून २०२४ मध्ये व्हॉट्सॲपवर मेटा एआयचं निळं-जांभळं कडं भारतात अवतरलं. काकांनी ते काढायला घेतलं, तर निघेना. गप्पा पुसता येतात, बाजूला सारता येतात, पण कडं पुरतं घालवायची सोय कंपनीनं ठेवलेली नव्हती. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, इटलीच्या स्पर्धा आयोगानं नेमक्या याच कड्याबद्दल मेटाची चौकशी सुरू केल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी ती कापून नोटीस बोर्डावर लावली आणि खाली लिहिलं, 'इटलीत अजून माणसं आहेत.'

मधल्या काळात व्हॉट्सॲपनं 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' नावाची सोय दिली होती. ती चालू केली की त्या गप्पांतले संदेश एआयच्या कामी देता येत नाहीत, गप्पा बाहेर उतरवून घेता येत नाहीत आणि फोटोही फोनमध्ये आपोआप उतरत नाहीत. काकांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर चालू केली. एआयचं कुणाला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ज्येष्ठ नागरिक मंडळात हाहाकार उडाला, कारण सुप्रभातचे सूर्योदय उतरत नव्हते. तरुण पिढीनं मात्र काकांना प्रथमच मनापासून नमस्कार केला.

पण त्यांची खरी लढाई गूगलशी. तिथं शोधाच्या निकालांवर एआयनं लिहिलेला सारांश येऊन बसतो. अमेरिकेत तो मे २०२४ मध्ये आला आणि आल्या आल्या त्यानं कुणाला पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक घालायला सांगितलं, तर कुणाला रोज एक लहानसा दगड खायला. काका ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात. डिंकाशी आले की काकू आतून म्हणतात, "त्यात काय? डिंकाचे लाडू तुम्हीच मागून खाता." काका न थांबता दगडाकडे वळतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हा सारांश भारतातही आला आणि तो कायमचा बंद करायचं बटण गूगलनं दिलं नाही. तेव्हा वहीत आडवाटांची नोंद झाली. निकालांवरच्या पट्टीतलं 'वेब' दाबायचं, म्हणजे साधे दुवे दिसतात. पत्त्याच्या शेपटाला 'यूडीएम बरोबर चौदा' जोडलं तरी तेच होतं. प्रश्नाच्या शेवटी वजा चिन्ह देऊन 'एआय' लिहिलं तरी बऱ्याचदा भागतं. आणि चौथी वाट, जिचा जानेवारी २०२५ मध्ये जगभर बोभाटा झाला: प्रश्नात एक इंग्रजी शिवी घालायची. शिवी दिसली की सारांश लिहिणारा सोवळ्यात जायचा आणि मुकाट्यानं जुने निकाल पुढे यायचे.

आता, काकांच्या तोंडून उभ्या आयुष्यात 'गाढवा' याच्या पलीकडे शब्द गेलेला नाही. सबस्टेशनवर लाइनमन एकमेकांशी काय भाषेत बोलतात ते ऐकूनही गेला नाही. पण तत्त्वाचा प्रश्न होता. त्यांनी दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि वहीतून बघून एकेक अक्षर टाइप केलं. त्या आठवड्यात नातवानं आजोबांचा फोन खेळायला घेतला आणि शोधांची यादी उघडली. 'गुडघेदुखीवर सोपी आसने', पुढे शिवी. 'चतुर्थी चंद्रोदय पुणे', पुढे शिवी. 'मुंज मुहूर्त', पुढे तीच, पण मोठ्या अक्षरांत. सून घाबरली. आजोबांना डॉक्टरांना दाखवायचं का, यावर घरात बैठक झाली. काकांनी बैठकीत उभं राहून तांत्रिक खुलासा केला आणि शेवटी खंत व्यक्त केली की मराठी शिवी देऊन पाहिली, तर त्या यंत्राला राग येत नाही.

जीमेलनं त्यांना अधिक शहाणपण शिकवलं. तिथं 'स्मार्ट फीचर्स' नावाची एक चौकट आहे. तिच्यातली खूण काढली की वाक्य आपोआप पुरं करणं, तयार उत्तरं सुचवणं हे सगळं थांबतं. काकांनी खूण काढली आणि विजयानं चुटकी वाजवली. पण त्याच चौकटीला टपालाची वर्गवारीही जोडलेली असते. जाहिराती वेगळ्या, कामाची पत्रं वेगळी, हे कप्पे त्याबरोबर गेले. शुद्धलेखन तपासणारा गेला. वीजबिलाची मेल पैठणी महोत्सव आणि बिनव्याजी फ्रीजच्या मधे जाऊन पडली आणि काकांनी, चौतीस वर्षं बोर्डात काढलेल्या माणसानं, बिल भरायला उशीर केला. "एकाच फीडरवर रस्त्यावरचा दिवा आणि हॉस्पिटल टाकलंय यांनी," ते संतापून म्हणाले. "दिवा विझवायचा तर ऑपरेशन थांबतं. ही चूक नव्हे. मी लोड जोडलेत, मला विचारा. हे असं मुद्दाम करतात, म्हणजे बंद करणारा आपणहून परत चालू करतो." काकांची सगळी कारकीर्द या बोलण्यात कामी आली.

मग फोनच बंद ठेवावा म्हटलं, तर तेही सोपं नाही. अनेक नव्या फोनांत बाजूचं बटण दाबून धरलं की फोन बंद होत नाही, सहायक जागा होतो. एका शोकसभेत दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सगळे उभे राहिले, काकांनी शिष्टाचार म्हणून बटण दाबून धरलं आणि त्या शांततेत फोननं गोड आवाजात मदत देऊ केली. बटणाचं जुनं काम त्याला परत देता येतं, ही नोंद वहीत त्याच संध्याकाळी झाली.

लोक फुकटाचं काय करतात, हेही काकांना बघवत नाही. जुलै २०२५ मध्ये एअरटेलनं आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो हा एआय वर्षभर फुकट देऊ केला, किंमत १७,००० रुपये. ऑक्टोबरअखेर जिओनं जेमिनी प्रो दीड वर्षासाठी, किंमत ३५,१०० रुपये. नोव्हेंबरात चॅटजीपीटी गोदेखील वर्षभर फुकट. समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांनी तिन्ही घेतली आणि आपण पन्नास हजारांच्या वर वाचवले, असं जाहीर केलं. काकांनी शांतपणे विचारलं, "ही वाचलेली रक्कम कुठल्या खात्यात जमा झाली?" आणि वर म्हणाले, "मीटर दिसत नाही म्हणजे ते फिरत नाही, असं नसतं."

पैसे देणाऱ्यांचीही गत वेगळी नाही, हे त्यांना मेलबर्नच्या मुलाकडून कळलं. तिथं मायक्रोसॉफ्टनं आपल्या ३६५ योजनेत कोपायलट हा एआय घातला आणि वैयक्तिक वर्गणी वर्षाला १०९ डॉलरवरून १५९ केली. कोपायलट नसलेली जुनी योजना जुन्याच भावात शिल्लक होती, पण वर्गणी रद्द करायला निघालं तरच ती दिसायची. २७ लाख ग्राहकांची अशी दिशाभूल झाल्याचा आरोप करत ऑस्ट्रेलियाचा ग्राहक आयोग ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टात गेला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीनं ग्राहकांची माफी मागून परतावा देऊ केला. काकांनी ही बातमी वहीत पेनानं लिहिली. हा रस्ता बदलणार नाही, असं त्यांचं मत आहे: "उठून निघाल्याशिवाय खरा भाव सांगत नाहीत. तुळशीबागेतही तेच."

काकांची फजिती करायला आम्ही काही कमी प्रयत्न केले नाहीत. जीमेल फसवी पत्रं अडवतं तेही यंत्रशिक्षणानं, म्हणजे एआयनंच, असं त्यांना एकानं ऐकवलं. दुसऱ्यानं तर मर्मावरच बोट ठेवलं. काकांना मराठी टाइप करायला वेळ लागतो, म्हणून कंपन्यांना पाठवायच्या तक्रारी ते फोनच्या माइकवर बोलून लिहितात. 'महोदय, आपल्या एआयचा मला अतोनात त्रास होत आहे,' हे वाक्य बोलल्याबरोबर पडद्यावर उमटवतो, तोही एआयच. खोली हसली. काकू सर्वांत मोठ्यानं हसल्या.

काका हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी माइकचं बटण दाबून दाखवलं. "मी दाबलं, की हा ऐकतो. मी सोडलं, की गप्प. मी एआयच्या विरुद्ध आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी विजेच्या विरुद्ध होतो का रे? घरातला स्विच घरातल्या माणसाच्या हाताला लागला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं." काकू म्हणाल्या, "अहो, मग पंख्याचा तरी चालू ठेवा." पंखा बंद होता. काकांनी उठून लावला.

आता काकांचा मुद्दा बाजूला काढून बघितला, तर तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नवं काही समोर येतं तेव्हा पडद्यावर बहुधा दोनच बटणं असतात: 'हो' आणि 'आत्ता नको'. नुसतं 'नको' नसतंच. आज आत्ता नको म्हटलं, की उद्या सकाळी ते पुन्हा दारात. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तिचे तेरा प्रकार नोंदवले. असा पिच्छा पुरवणं हा त्यांतला एक. २०२३ च्याच वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलं आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना तयारीला मुदत दिली आहे. चालू करायला एक टिचकी आणि बंद करायला वहीचं अर्धं पान, ही आजची स्थिती आहे. ती वही ठेवायची वेळ एका निवृत्त ऑपरेटरवर येते, यात हसं त्याचं होत नाही.

तेव्हा तुमच्या इमारतीतल्या बंदोबस्तकाकांना खुशाल हसा, ते हसण्यासारखे आहेतच. पण फोनमध्ये नवं काही चमकलं की 'हे काय काय करतं' याच्या आधी 'हे बंद कुठून होतं' ते शोधा. नको असेल तर बंद करा, हवं असेल तर वापरा. आणि बंद करायची जागाच सापडली नाही, तर हात चोळत बसू नका, तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. काकांना तो तोंडपाठ आहे, तुम्हीही पाठ करून ठेवा.