ड्रॅगनचे पंख कुठून आणायचे?

अहो कामतवहिनी, गॅस बारीक करून जरा कुंपणाशी या. शेवग्याच्या शेंगा घेऊन जा, आणि काल आमच्याकडे काय झालं ते ऐका.

नातवाने चित्रकलेच्या वहीत टी-रेक्स काढला आणि त्याच्या शेजारी ड्रॅगन. चार पाय, दोन पंख, तोंडातून जाळ. म्हटलं, याला इथे कुणी बोलावलं? तर म्हणतो, "आजी, तोही सरपटणाराच ना? तेव्हा खरंच असता तर?" आता जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला असं विचारल्यावर झोप लागणार आहे का?

काय म्हणालात? जाळ कसा काढणार? तिथेच तर सगळे अडतात. पण जाळाचं एवढं काही नाही हो. बंबार्डियर नावाचा भुंगा असतो, नखाएवढा. पोटातल्या एका पिशवीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवतो. कुणी छेडलं की ते शेजारच्या कप्प्यात सोडतो, तिथे विकरं तयारच असतात, आणि जवळजवळ शंभर अंशांचा फवारा मागच्या बाजूने फाट्‌कन बाहेर! आग नव्हे ती, पण रसायनांनी अंगातून एवढी उष्णता निघते हे तर खरं. पीटर डिकिन्सन या इंग्रज लेखकाने 1979 साली त्याहून पुढची शक्कल काढली: ड्रॅगनच्या पोटात हायड्रोजन तयार होतो, त्यानेच तो तरंगतो आणि तोच पेटवून जाळ काढतो. 2004 साली टीव्हीवर ड्रॅगन खरे मानून एक फिल्म केली होती, तिच्यातही हायड्रोजनच. त्यात तर ड्रॅगनला टी-रेक्सशी भिडवलंय.

झकास कल्पना, पण हिशेब बसत नाही. एक घनमीटर हायड्रोजन जेमतेम किलोभर वजन उचलतो. टनभराचा ड्रॅगन नुसत्या हायड्रोजनवर तरंगायचा तर पोट बारा मीटर रुंद हवं! बाहेर या मेन रोडवर मावेल का तो?

बरं, उडायला हायड्रोजन लागतोच असंही नाही. टेक्सासमध्ये 1971 साली डग्लस लॉसन नावाच्या विद्यार्थ्याला काही हाडं मिळाली. क्वेट्झलकोॲट्लस म्हणतात त्याला. पंख पसरले की दहा-अकरा मीटर, जमिनीवर उभा राहिला की जिराफाएवढा उंच. डायनोसॉर नव्हे बरं का, टेरोसॉर, चुलत घराणं. पण डायनोसॉरांच्याच काळातला, अगदी त्यांच्या शेवटच्या दिवसांतला. म्हणजे मोठं शरीर हवेत जातं, हे निसर्गाने करून दाखवलंय.

मग अडलं कुठे? हातापायांत! टेरोसॉरचा पंख म्हणजे त्याचा हातच. चौथं बोट लांबच लांब वाढलेलं आणि त्यावर ताणलेलं कातडं. पक्ष्यांचं तेच, वटवाघळाचं तेच. ज्याला पंख मिळाले त्याचे हात त्यात गेले. पाठीचा कणा असलेल्यांना हातपाय धरून चारच, मासोळीच्या परांपासून चालत आलेला हिशेब आहे तो. ड्रॅगनला मात्र चार पाय आणि वर दोन पंख. सहा झाले! पोरं आगीवर वाद घालतात, हे कुणी मोजतच नाही.

तुमच्या माहेरी कारवारकडे सुपारीच्या बागेत उडता सरडा असतो ना? हां, तोच, गळ्याखाली पिवळी पिशवी फुगवणारा. त्याने बघा कशी युक्ती केली. हातपायांना हातच लावला नाही, बरगड्याच बाजूला लांब काढल्या आणि त्यावर कातडं ताणलं. झाडावरून झाडावर तरंगत जातो, चारी पाय शाबूत. डायनोसॉरांच्या काळातही असा एक होता, चीनच्या लियाओनिंगमध्ये. 2007 साली त्याचं वर्णन छापून आलं, शियांगलाँग नावाने. चार पाय, दोन पंख, सरपटणारा. ड्रॅगनच्या सगळ्या अटी पुऱ्या. फक्त शेपटीसकट वीतभरसुद्धा नाही.

हसताय काय? नातू रुसलाच की. म्हणून मी त्याला सानाजेहची गोष्ट सांगितली. गुजरातेत ढोली डुंगरीला भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना 1980च्या दशकात डायनोसॉरची अंडी आणि हाडं असलेला दगड मिळाला. सगळी हाडं पिल्लाचीच, असंच समजले होते. 2001 साली जेफ्री विल्सन यांनी पाहिलं तेव्हा लक्षात आलं, यात साप आहे! तोच सानाजेह. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. आख्खं अंडं गिळण्याएवढा त्याचा जबडा उघडत नसे, म्हणून पिल्लू बाहेर यायची वाट बघत बसायचा मेला. तेवढ्यात वरून गाळ कोसळला आणि सगळे जागच्या जागी गाडले गेले. पंख नाहीत, जाळ नाही, तरी डायनोसॉरच्या घरात शिरत होता की नाही?

शेवटी नातवाला सांगितलं, एक तर पुढचे दोन पाय खोड, नाहीतर ड्रॅगन तुझ्या पंजाएवढा कर. जाळ राहू दे हवा तर.