लाजाळूंचा मे महिना

लाजाळू मुलगा वर्षभर एकच काम सुट्टीवर ढकलत असतो: मागच्या बाकावरच्या मुलीशी बोलणं. सुट्टी लागते, ती नागपूरला जाते, हा चिपळूणला. परीक्षा संपल्यामुळे नोट्स मागायची सोयही उरत नाही. मग ‘हाय’ लिहायचं, खोडायचं आणि शेवटी हापूसच्या पेटीचा फोटो स्टेटसला टाकायचा. पाहणाऱ्यांच्या यादीत ती नसते. (दिसायला तिच्याकडे याचा नंबर सेव्ह हवा, पण असले तपशील प्रेमात कोण बघतो?) मामा मात्र असतात. लगेच फोन: ‘पेटी कितीला पडली रे?’

संकल्प भव्य होते. जिम, इंग्लिश स्पीकिंग, वगैरे. प्रत्यक्षात लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढायला जुंपतात. तिथे एखादी मावशी हमखास म्हणते, ‘किती गुणी! तोंडातून शब्द नाही.’ ज्या गुणापायी पोराचं वर्ष फुकट गेलं, त्याचंच कौतुक!

नागपुरात पारा 45 अंशांच्या पुढे गेल्याची बातमी येते. हवामान हा कसा सभ्य विषय. धीर करून तो पाठवतो, ‘तिकडे ऊन फार आहे का?’

उत्तर चक्क लगेच येतं. ‘हो. आपण कोण?’